झाकाझाकीचे दफ्तर

घरगुती चित्रफितीतील एखादा कोपरा, एखादी वस्तू अथवा एखादा नातेवाईक तेवढा झाकून द्यावा, ही मागणी अगदी किरकोळ आहे असे ज्यांस वाटते, त्यांनी एकतर संगणकावर चित्रफीत कधी उघडलेली नसते, किंवा त्यांस नातेवाईक तरी नसतात. मला दोहोंचाही योग पुरेपूर आलेला आहे. नोकरीतून निवृत्त झाल्यावर वेळ जावा म्हणून चित्रफिती कापण्या-जोडण्याची विद्या मी थोडीफार हस्तगत केली आणि त्या विद्येची वार्ता सौभाग्यवतींच्या मुखातून साताऱ्यास, म्हणजे माझ्या सासुरवाडीस, वाटेत पुष्कळच वृद्धिंगत होऊन पोहोचली. तेव्हापासून त्या घराण्यातील बारशापासून वर्षश्राद्धापर्यंतच्या यच्चयावत चित्रफिती माझ्याकडे दाखल होऊ लागल्या. कोणास त्या सुंदर करून हव्या असतात असे मुळीच नाही. मधुर संगीत, सुबक शीर्षके, प्रसंगांची कलात्मक गुंफण यांविषयी मी उत्साहाने बोलू लागलो की समोरचा मनुष्य ते सारे सहानुभूतीने ऐकून घेतो आणि मग मूळ मुद्द्यावर येतो: "ते राहू द्या दाजी. हे एवढं झाकता येतंय का बघा की."

हे 'एवढं' नानाविध असते. घरच्या गणपतीची आरती चालू आहे, मूर्ती प्रसन्न आहे, मखर देखणे आहे, समया तेवत आहेत, आणि मखराच्या बरोबर मागे गॅलरीतील दोरीवर कर्त्या पुरुषाचा पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा टाळ्यांच्या ठेक्यावर डोलत आहे. नातवाने टाकलेले पहिले पाऊल घरादाराने श्वास रोखून टिपले आहे, आणि ते पाऊल ज्या दिशेने पडते त्याच कोपऱ्यात आजोबा आपली कवळी वाटीत खळखळून धुवीत बसले आहेत. असली प्रकरणे मी हां हां म्हणता निकालात काढीत असे. कारण लेंगा डोलला तरी जागा सोडीत नाही आणि आजोबांना तर उठण्याचाच कंटाळा असतो. जे जागा सोडीत नाही त्यावर धूसरपणाचा एक चौकोन टाकून दिला की काम भागते. माझा सारा लौकिक हा असा स्थावर मालमत्तेवर उभा होता. जंगम मालमत्तेशी गाठ पडली ती मेहुण्याच्या लग्नाच्या कॅसेटमुळे.

हे लग्न १९९३ साली साताऱ्यातील एका मंगल कार्यालयात लागले. त्या काळी लग्ने व्हीएचएस कॅसेटवर साठवीत. जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली बाजारात आणलेली ही कॅसेट आपल्याकडे लग्नसराईत मुंडावळ्यांइतकीच आवश्यक होऊन बसली होती. खांद्यावर अवजड कॅमेरा घेतलेला एक इसम पुढे आणि हॅलोजनचा प्रखर दिवा उंच धरलेला एक पोरगा त्याच्या मागे, अशी जोडगोळी मांडवभर हिंडे. दिव्याची वायर वऱ्हाडाच्या पायांत जाई आणि उजेड वऱ्हाडाच्या डोळ्यांत जाई, त्यामुळे त्या दशकातील सर्व पाहुणेमंडळी कपाळाला आठ्या घालून, डोळे बारीक करून, जणू कोणी दंड ठोठावला आहे अशा मुद्रेने आनंद व्यक्त करताना आढळतात. पुढे स्टुडिओत त्या फितीवर संस्कार होत. वधूवरांची मुखे बदामाच्या आकारात बंद करून ती काश्मीरच्या बर्फावर तरंगत सोडीत, मग तो बदाम गरगर फिरून कमळात लुप्त होई. म्हणजे बाकीचे सारे झाकून हवे तेवढे दाखवण्याची कला तेव्हाही अवगत होती. फक्त तीत कोणाशी भांडण नव्हते.

यंदा या मेहुण्याच्या कन्येचे लग्न निघाले आणि हळदीच्या रात्री मोठ्या पडद्यावर आईबापांच्या लग्नाची फीत अर्धा तास दाखवावी, असे तिच्या मनाने घेतले. माळ्यावरच्या कॅसेटवर बुरशी चढलेली होती. ती पुसून, वाळवून, एका दुकानातून तिची फाईल करून आणण्यात आली, आणि फाईल माझ्या हाती पडते न पडते तोच अर्ज येऊ लागले.

पहिला अर्ज खुद्द मेहुण्याचा.

"दाजी, थोरल्या दाजींना त्यातनं काढायचं."

"काढायचं म्हणजे?"

"म्हणजे दिसू द्यायचं नाही. बाकी लग्न हाय तसं ठेवा."

थोरले दाजी म्हणजे मेहुण्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान, अर्थात माझे साडू. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींस मुलांच्या बरोबरीचा हक्क मिळाला, ही गोष्ट त्यांनी पत्नीच्या वतीने फार मनावर घेतली होती. गावच्या विहिरीतील हिश्शावरून तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत हरकती, कैफियती, जबान्या आणि पंचनामे यांचे जाडजूड दफ्तर तयार झाले होते आणि उभय घरांतील जाणे-येणे बंद पडले होते. त्याच कलमान्वये तितकाच हक्क आमच्या सौभाग्यवतींसही प्राप्त झालेला आहे, हे येथे नमूद करावयास हवे. परंतु संपादकाने तटस्थ असावे या तत्त्वास जागून मी त्याविषयी कधी चकार शब्द काढला नाही, आणि थोरल्या दाजींच्या बाजूने निकाल लागल्यास तो धाकट्या दाजींनाही लागू होईल, हा विचार आतल्या आत ठेवला.

अडचण अशी की थोरले दाजी त्या लग्नात निव्वळ पाहुणे नव्हते. ते लग्न मुळात त्यांचेच असावे, असे परक्यास वाटले असते. नवरदेवाला घोड्यावर चढवणारे दाजी, घोडा बुजल्यावर लगाम धरणारे दाजी, ध्वनिक्षेपक हिसकावून घेऊन "पाहुण्यांनी बसून घ्यावे" असे बसलेल्या पाहुण्यांस बजावणारे दाजी, भटजींना मुहूर्ताची घटिका सांगणारे दाजी, अंतरपाटाचे एक टोक धरणारे दाजी, पंगतीत आग्रहाची शिकस्त करणारे दाजी. सोव्हिएत रशियात येझोव्ह नावाचा गृहखात्याचा प्रमुख मॉस्को कालव्याच्या काठी स्टॅलिनच्या शेजारी उभा असलेले एक छायाचित्र होते. पुढे १९४० साली त्या येझोव्हलाच गोळी घालण्यात आली आणि छायाचित्रात तो जेथे उभा होता तेथे कालव्याचे पाणी रंगवण्यात आले. एवढी सत्ता, एवढी दहशत आणि कुशल कारागीर हाताशी असून त्यांस दुरुस्त करावयाचे होते ते एकच छायाचित्र, आणि त्यातील मनुष्य स्वस्थ उभा होता. आपल्याकडच्या पाल नावाच्या व्हिडिओ पद्धतीत एका सेकंदास २५ चित्रे सरकतात. अर्ध्या तासाची ४५,००० होतात. आणि थोरले दाजी स्वस्थ उभे आहेत असे त्यांतील एकही चित्र मला सापडले नाही.

झाकण्याची रीत अशी आहे. ज्या मुखाचा लोप करावयाचा त्याच्या भोवती एक लंबवर्तुळ काढावे. यास मास्क म्हणतात. त्याच्या आतील भाग धूसर करावा आणि कडा विरळ कराव्या, म्हणजे सांधा दिसत नाही. मुख हलले की लंबवर्तुळही हलावयास हवे, म्हणून जागोजागी कीफ्रेम नावाच्या खुणा रोवाव्या: या चित्रात वर्तुळ येथे असावे, पुढच्या अमुक चित्रात तेथे असावे. मधला प्रवास संगणक आपला आपण आखतो. परंतु संगणक पडला सरळमार्गी. एका खुणेपासून दुसरीपर्यंत तो नाकासमोर चालतो, आणि थोरले दाजी हयातीत कधी नाकासमोर चाललेले नाहीत. लंबवर्तुळ ठरल्या वाटेने मांडव ओलांडू लागे, दाजी मध्येच गर्रकन वळून कोणा पोराला दरडावीत, आणि पडद्यावर दाजी लख्ख व शेजारून जाणारी एखादी निरपराध सवाष्ण मात्र धूसर, अशी विपरीत स्थिती होई.

यावर ट्रॅकिंग नावाचा उपाय आहे. एकदा सावज दाखवून दिले की प्रोग्रॅम त्याच्यावरील उजेड-अंधाराची नक्षी ध्यानात ठेवून पुढल्या चित्रांत ती हुडकीत जातो. पंगतीच्या प्रसंगी मी दाजींचे मुख दाखवून दिले आणि हात जोडून बसलो. काही काळ सर्व सुरळीत चालले. मग दाजींच्या पुढून एक वाढपी जिलेबीचे ताट घेऊन गेला, प्रोग्रॅमने तत्क्षणी दाजींना सोडून जिलेबीस धरले, आणि ते ताट पंगतीच्या शेवटापर्यंत एखाद्या लज्जास्पद वस्तूप्रमाणे धूसर होत गेले. मंगलाष्टकांच्या वेळी तर अक्षता उडू लागताच प्रोग्रॅमचे भान हरपले. लंबवर्तुळ थरथरले, भटजींच्या पगडीवर चढले, तेथून करवलीच्या कलशावर उतरले, आणि 'सावधान'चा अखेरचा गजर झाला तेव्हा वधूच्या मुखावर जाऊन स्थिरावले. लग्न लागले त्या घटकेस त्या मांडवात स्पष्ट दिसणारा पुरुष एकच होता, तो म्हणजे अंतरपाट धरून उभे असलेले थोरले दाजी. आणि तो अंतरपाट पाहून मला आपल्या पूर्वजांचा फार हेवा वाटला. दोघांनी दोन टोके धरावी, झाकावयाचे ते निर्वेधपणे झाकले जावे, वेळ होताच वस्त्र बाजूस व्हावे. खुणा नकोत, माग काढणे नको, आणि पाठीमागे कोण आहे हे सर्वांस ठाऊक असून कोणी विचारीत नाही.

अखेर एकेक चित्र हाताने सरकवीत मी दाजींचे मुख आरंभापासून शेवटपर्यंत झाकले आणि मेहुण्यास दाखवले. तो बराच वेळ पाहत राहिला.

"दाजी, हे तर थोरले दाजीच दिसत्यात."

"तोंड कुठे दिसतंय?"

"तोंड न्हाई. सफारी."

वस्तुतः व्हीएचएसवर चित्राची स्पष्टता सुमारे २४० रेषांच्या पलीकडे जात नाही. म्हणजे त्या कॅसेटने सर्व वऱ्हाड माझ्या अगोदरच यथाशक्ती धूसर करून ठेवले होते, आणि खुद्द नवऱ्या मुलीस तिच्या बहिणीपासून वेगळे ओळखण्यास मला शालूचा रंग पाहावा लागत होता. परंतु त्या तपकिरी सफारीचा आणि सफारीतून एक पाऊल पुढे चालणाऱ्या त्या पोटाचा प्रभावच असा की मुखाची आवश्यकता उरू नये. शिवाय मी झाकीत होतो चित्र. ध्वनी मोकळाच होता. मंगलाष्टकांतील शेवटचे अष्टक दाजींनी स्वतः म्हटले होते, आणि तो सूर ज्याने एकदा ऐकला तो जन्मात विसरणे शक्य नव्हते.

मग मी कात्रीच्या मार्गास लागलो. जुन्या चित्राची चौकट चारास तीन या प्रमाणाची, नव्या पडद्याची सोळास नऊ. जुने चित्र पडद्यावर कडेपर्यंत भरावयाचे तर वरून आणि खालून मिळून उंचीचा चौथा हिस्सा छाटावा लागतो. दाजी अंगाने उंच असल्यामुळे या छाटणीत त्यांचे डोके परभारे जाईल, अशी माझी अटकळ होती, आणि ते गेलेही. परंतु वहिनींच्या माहेरची मंडळी एकजात सहाफुटी, आणि माझ्या सासुरवाडीकडची बेताच्या बांध्याची.

"आमच्या माहेरच्यांची तेवढी डोकी बरी गेली हो?" वहिनींनी फोनवर विचारले. "आणि ह्यांच्याकडच्यांची शाबूत?"

मी घाईघाईने चौकट पूर्ववत केली. आता दोन्ही बाजूंस काळे पट्टे उरले. हल्ली अशा रिकाम्या जागी तेच चित्र मोठे आणि धूसर करून मागे पसरण्याची रीत आहे, तशी मी केली. मधल्या चित्रात डाव्या कडेस दाजींचा ढग, आणि त्याच्या बाहेर, पट्ट्यात, एक तृतीयांशाने वाढलेली तपकिरी सफारी.

"दाजी," मेहुणा खिन्न स्वरात म्हणाला, "आधी एक होते. आता दोन झाले."

एव्हाना इतर अर्जदारांचीही रांग लागली होती. लग्नघटिका जवळ आलेल्या कन्येचा अर्ज रुखवताविषयी होता. रुखवताच्या मेजांमागे लोखंडी कपाट, मिक्सर आणि पिंपे यांची आरास होती, ती एक वेळ चालली असती. परंतु कार्यालयाच्या दारात हार घातलेली एक नवी कोरी स्कूटर उभी होती आणि त्या कॅमेरावाल्याने, कोणाच्या तरी सांगण्यावरून असावे, तिचे पुढून, मागून आणि बाजूने असे काही प्रेमाने दर्शन घडवले होते की तेवढा वेळ वधूच्याही वाट्यास आला नव्हता.

"काका, ती स्कूटर अजिबात दिसता कामा नये. सासरचे फार सुधारक विचारांचे आहेत."

"हुंडा नव्हता गं तो," मेहुणा मध्येच म्हणाला. "हौस होती."

"कुणाची?" आतून वहिनींचा आवाज आला.

हुंडाप्रतिबंधक कायदा १९६१ सालचा, म्हणजे स्कूटरपेक्षा बत्तीस वर्षांनी वडील, हा तपशील मी सांगणार होतो. पण घरातील हवा पाहून राहू दिला. स्कूटर झाकली. पंचाईत एवढीच झाली की नवरदेवाने तिच्यावरून मैदानास एक फेरी मारली होती, आणि आता तो कंबरेखालच्या एका करड्या ढगावर आरूढ होऊन, हात पुढे धरून, अधांतरी वळणे घेत असलेला दिसू लागला. पुराणातील विमानांविषयी ज्यांच्या मनात संदेह असेल त्यांनी ते दृश्य अवश्य पाहावे.

सासूबाईंचा अर्ज अगदी हळू आवाजात आला. विहिणी एकमेकींस भेटत असताना पलीकडे, कार्यालयाच्या तुळशीवृंदावनापाशी, त्या डाव्या तळहातावर मिश्री घेऊन उजव्या हाताचे बोट दातांवरून फिरवीत उभ्या असलेल्या टिपल्या गेल्या होत्या.

"जावईबापू, बोट तेवढं झाका. बाकी मी ऱ्हाऊ द्या."

"कशाला हो आई? आता कोण काय म्हणतंय?"

"कोंबडं झाकून तांबडं फुटायचं ऱ्हात न्हाई, म्हाईत हाय मला. पर नातीच्या सासरी लगीच नगं फुटाया."

आहेराच्या प्रसंगी वहीत आकडे मांडीत एक गृहस्थ ते ध्वनिक्षेपकावरून पुकारीत होते. कोणाचे एकवीस, कोणाचे एक्कावन्न, कोणाचे केवळ पोशाख. आज जे लाखांच्या गोष्टी करतात त्यांची ती तेव्हाची अकरा रुपयांची घोषणा लपवण्यासाठी मी प्रत्येक रकमेवर शिट्टीसारखा एक आवाज बसवला. परिणामी ऐकणाऱ्यास असे वाटे की ते गृहस्थ आहेर करणाऱ्यांस नाव घेऊन शिव्या देत आहेत. त्याच यादीत एक ओळ होती: "थोरले जावई यांजकडून, व्हिडिओ शूटिंगचा संपूर्ण खर्च." मेहुण्याने तीवरही शिट्टी घालावयास लावली. ज्या गृहस्थाने चित्रणाचे पैसे मोजले तोच चित्रातून वजा करण्याचे काम मी करीत होतो, हे तेव्हा मला कळले. परंतु पगारी अथवा बिनपगारी कोणत्याही नोकरास वरिष्ठांच्या हुकमाचे औचित्य तपासण्याचा अधिकार नसतो.

एक झाकणी मात्र कोणाच्याही अर्जावाचून झाली. वरातीत बँडवाल्यांनी नागिणीची चाल धरताच एक सडपातळ, घनकेशी तरुण रुमालाचे एक टोक दातांत धरून भर रस्त्यात गुडघ्यांवर बसतो आणि नागाप्रमाणे डोलू लागतो. हळूहळू तो आडवा होतो. त्याच्या फुले काढलेल्या रेशमी सदऱ्याची बाही गटाराच्या कडेस लागते. माझ्या पुढील आयुष्यातील पद, प्रतिष्ठा आणि टक्कल यांचा विचार करता हे दृश्य समाजापुढे येणे इष्ट नव्हते. पॅरिसच्या जॉर्ज मेलियेस या जादूगाराने १८९८ साली एका लघुपटात स्वतःचे मस्तक काळ्या पार्श्वभूमीवर काळ्या आच्छादनाने झाकून ते धडावरून उचलून मेजावर ठेवल्याचा भास निर्माण केला होता आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मी माझे मस्तक झाकले तेव्हा पाठीमागे सौभाग्यवती उभ्या होत्या.

"हा अर्ज कुणाचा?"

"थोडं बरं दिसावं म्हणून."

"सगळ्या कॅसेटीत तेवढंच बघण्यासारखं आहे. लोकांनी हसायचं तरी कशाला?"

यानंतर हळदीस अवघा एक दिवस उरला असता ते घडले ज्याची कोणी कल्पना केली नव्हती. महाराष्ट्र शासनाने २००७ साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव योजना सुरू केली, तिच्या समित्या गावोगाव स्थापन झाल्या. मेहुण्याच्या गावच्या समितीस, घरात कार्य आहे आणि थोरली मुलगी-जावई येत नाहीत, या गोष्टीचा संताप येऊन तिने दोन्ही पक्षांस चावडीपुढे बसवले आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरवून दिल्या. समझोत्याच्या कागदावर सह्या होतात न होतात तोच माझा फोन वाजला.

"दाजी, थोरल्या दाजींना परत घाला."

ही गोष्ट मात्र सोपी असते. झाकलेले उघडण्यास संगणकावर एक कळ पुरते. मी ती दाबली, आणि पंचेचाळीस हजार चित्रांतून थोरले दाजी तेजःपुंज सफारीनिशी प्रकट झाले. परंतु तोवर त्यांच्या कानावर सर्व हकीकत गेली होती. दुसऱ्या दिवशी कार्यालयात पोहोचताच ते माझ्याकडे आले. मी क्षमायाचनेची तयारी करून होतो; त्यांची तक्रार निराळी होती.

"साडूभाऊ, मला किती वेळ झाकलं होतं म्हणे?"

"साधारण अठरा मिनिटं."

"तीस मिनिटांत अठराच? मग बाकीची बारा मिनिटं मी कुठं होतो?"

आणि त्यांनी पिशवीतून एक कॅसेट आणि तिच्या फाईलीची एक पेनड्राइव्ह काढली. शूटिंगचा खर्च त्यांचा असल्यामुळे स्टुडिओवाल्याने दुसरी प्रत त्यांना दिली होती. ती त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ डांबराच्या गोळ्या घालून कपाटात जपली होती. तीस बुरशी नव्हती, रंग ताजे होते. "आपल्या पोरीचं कार्य आहे. त्या बुरशीतनं कशाला दाखवायचं? हीच लावा," असे त्यांनी फर्मावले. समझोत्यावरची शाई वाळावयाची होती. नाही कोण म्हणणार? मेहुण्याने मला डोळ्यांनी खुणावले. मी जुन्या फाईलीच्या जागी नवी बसवली, स्कूटर, बोट आणि नाग यांवरील ढग आपापल्या ठिकाणी आहेत असे गृहीत धरले गेले, आणि हळदीच्या मंडपात पडदा उजळला.

येथे एक तांत्रिक बाब सांगणे प्राप्त आहे. झाकणी ही वस्तूस चिकटलेली नसते, वेळेस चिकटलेली असते. दुसऱ्या प्रतीच्या आरंभी स्टुडिओचे नाव आणि त्याचा पाच आकडी दूरध्वनी क्रमांक सहा सेकंद अधिक रेंगाळत होता, त्यामुळे त्यापुढील सारे लग्न सहा सेकंद उशिरा घडत होते, आणि ढग मात्र आपली वेळ पाळून येत होते. तुळशीवृंदावनापाशी एक ढग निमूटपणे येऊन थांबला, काही काळ कोणाची वाट पाहिली, निघून गेला. मग सासूबाई आल्या आणि त्यांनी बोट दातांस लावले. रस्त्यावर एक ढग एकटाच नागाप्रमाणे डोलला, आडवा झाला, आणि तो शमल्यावर मी गुडघ्यांवर बसलो. आहेराच्या वेळी शिट्टी वाजून गेल्यावर "अकरा रुपये" असे खणखणीत शब्द ऐकू येत. सर्वांत शेवटी मैदानावरून एक करडा ढग गिरक्या घेत पसार झाला. मंडपात कुजबुज झाली, लोक माना पुढे काढून पाहू लागले, आणि त्या ढगामागून, जणू त्याने भालदारासारखी वर्दी दिली असावी अशा थाटाने, हार घातलेली स्कूटर स्वच्छ उजेडात आली.

कन्येने डोळे मिटून घेतले. मेहुणा पाण्याचा जार पाहण्याच्या निमित्ताने उठला. व्याही, म्हणजे ते सुधारक विचारांचे गृहस्थ, चष्मा सारखा करून पडद्याकडे निरखून पाहत होते.

"बजाज ना?" त्यांनी विचारले.

"हौस होती," मी म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

ते खुर्ची ओढून माझ्याजवळ सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आमच्याही कॅसेटीत आहे एक. परवा रिसेप्शनला लावायची म्हणतो मुलगा. ते झाकायचं काम तुम्हीच करता का?"

त्या रात्रीपासून माझ्याकडे येणारे अर्ज वाढले आहेत, आणि दोन्हीकडील मंडळींनी तसदी घेऊ नये म्हणून शर्ती येथेच जाहीर करून ठेवतो. अर्ज लेखी असावा. कोणास, कोठपासून कोठपर्यंत आणि का झाकावयाचे, हे स्पष्ट लिहावे. एकाच फितीच्या दोन प्रती असल्यास दोन्ही आणाव्या. माणूस झाकावयाचा असेल तर कार्य पार पडेतो त्याच्याशी समझोता करणार नाही, असे हमीपत्र सोबत जोडावे. आणि वस्तू झाकावयाची असेल तर ज्यांच्यापासून झाकावयाची त्यांच्या घरच्या लग्नाची कॅसेट आधी पाहून यावे.